रबराची दुसरी ओढ

तुर्कस्तानात बुर्सा शहरातल्या त्या ब्रेकच्या कारखान्यात मालकीण नेरमीन हानमचा शब्द अखेरचा असे. त्या सकाळी तिचा धाकटा दीर जेवदेत तणतणतच आत आला. नेरमीनची सून सेल्मिन हिने संगणकावर मांडलेले गणित खोटे ठरले होते.

गणित रबराच्या कड्याचे होते. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला बिलगलेले कडे सिलिंडरच्या खाचेत मुरडते. दाब सुटला की तेच कडे पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. चाक मोकळे होते. पडद्यावर ते मोकळे होत होते. उलुदाग डोंगराचा घाट उतरून आलेल्या गाडीचे चाक मात्र हाताने फिरेना.

"दादा होते तेव्हा ते स्वतः खाच कापून बघायचे, चुकली तर पुन्हा कापायचे," जेवदेत म्हणाला. "पडद्यावरच्या पुलावाने कुणाचं पोट भरलंय, वहिनी? बंद करा तिची ती संगणकाची खोली."

नेरमीनने सुनेला बोलावले. खोली राहणार की जाणार, हे आजच ठरायचे होते. सेल्मिनने सबब सांगितली नाही. तिने रबराची एक पट्टी सासूच्या हाती दिली आणि ओढायला सांगितले. मग पुन्हा ओढायला सांगितले. दुसऱ्या खेपेस पट्टी सहज ताणली गेली.

"आई, मी कोऱ्या रबराच्या पहिल्या ओढीचे आकडे घेतले. एकदा ताणलं की ते नरम पडतं. चूक माझी."

दुरुस्त आकड्यांनी पडद्यावरचे चाकही आता गाडीसारखेच अडकत होते. नेरमीन निरखून पाहत राहिली. उभा जन्म जी कडी तिने हाताळली, त्यांच्या पोटात काय चालते ते ती प्रथमच पाहत होती. नरम पडलेले कडे जास्त मुरडून पिस्टनला पुरते मागे ओढावे, यासाठी खाचेची कड अधिक तिरपी हवी, असे सेल्मिन हळूच म्हणाली.

ती कड नेरमीनच्या दिवंगत नवऱ्याने ठरवलेली. आजवर तिला कुणी हात लावला नव्हता.

"काप," नेरमीन म्हणाली. "ते असते तर त्यांनी आधी चूक विचारली असती, मग कानस मागितली असती."

नव्या खाचेची गाडी घाट उतरून आली. नेरमीनने चाक उचलून धरायला लावले आणि दिराला खूण केली. जेवदेतने ते फिरवले, थांबवले, पुन्हा फिरवले. ते आता मोकळे फिरत होते.

"पुढची खाच कापायची झाली," नेरमीनने त्याला बजावले, "की आधी सेल्मिनच्या खोलीत जायचं. आणि दार वाजवून."