रोलमधला छत्तिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी निगेटिव्ह आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरावा लागे. फोटो काढला की तो आधी माझ्यासारख्या बोटभर तुकड्यावर उमटायचा, तोही पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं होऊन. माझ्यावरून मग कागदावर फोटो छापत. कागद भिंतीवर मिरवायचा आणि मला पाकिटात कोंबत. नाव त्याचं, कष्ट माझे. असो, जुनी गोष्ट झाली.

माझा जन्म एका हळदीच्या रोलवर झाला. वाशीचा फोटोवाला गोटीराम जुईनगरजवळच्या एका आगरी घरी हळदीचे फोटो काढायला आला होता. छत्तीस फोटोंच्या रोलमधले पस्तीस हळदीत, नाचात आणि जेवणावळीत संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला, तेव्हा नवरदेवाचा मोठा भाऊ हिरामण त्याला म्हणाला, "एक फोटू उरलाय ना? मग चल खाचरावर."

त्या घराची बहुतेक जमीन नव्या शहरात गेली होती. रुळांच्या कडेला भाताचं एक खाचर तेवढं उरलं होतं. त्याच्या बांधावर करंजाचं झाड होतं. पुढच्या वर्षी तेही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिरामणची बायको भागीरथी तिथे गवत कापत होती. नव्या स्टेशनात गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. वाशीकडून गाडी समोर आली, गोटीरामने बटण दाबलं आणि मी जन्मले. भागीरथी, खाचर, करंज आणि गाडी, सगळे एका चौकटीत. एका बाजूचा डोंगर तेवढा धुरकट उजेडात पुसला गेला. माझ्या पस्तीस बहिणींच्या वाट्याला असा फोटो आला नाही. मी थोडी गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझ्यावरून छापलेला फोटो बरीच वर्षं त्या घराच्या ओटीवर होता. एका वर्षी घरात पाणी शिरलं आणि तो कागद कुजून गेला. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते, म्हणून वाचले. पण त्यानंतर डबा कोणी उघडला नाही. तुटकी बटणं, गंजलेल्या सुया आणि एक बंद पडलेलं घड्याळ यांच्या संगतीत मी कित्येक वर्षं काढली. घड्याळाचा स्वभाव चांगला होता, पण त्याच्याकडे एकच वेळ होती.

गेल्या वर्षी डब्याचं झाकण उघडलं आणि एका मुलीचा चेहरा दिसला. ती हिरामणची नात जागृती. वाशीच्या एका ऑफिसात ती इमारतींचे नकाशे काढते. जुईनगर स्टेशन नवं होतं तेव्हा कसं दिसायचं, त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायचं तिने मनावर घेतलं होतं. फलाट, छप्पर, पूल आणि रुळांवर धावणारी हातभर लांब गाडी. गावदेवीच्या जत्रेत ती मांडायची आणि आजोबांच्या हातून नारळ फोडायचा, असं ठरलं होतं.

मुलगी मोठी चिकाटीची. सुट्टीच्या दिवशी स्टेशनच्या पुलावर उभी राहून गाड्यांचे डबे मोजायची, दारांची मापं पावलांनी घ्यायची. जुन्या गाडीला किती डबे, खिडक्यांना गज आडवे की उभे, दिवा कुठे, हे विचारायला सोसायटीतल्या गणूकाकांकडे जायची. गणूकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रंही तिने चाळली. मिळत नव्हता तो फक्त त्या काळचा फोटो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. मी तिच्याच घरातल्या माळ्यावर होते.

मला पाहून तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. तिने एका मोबाइलचा पांढरा उजेड खाली ठेवला, वर मला ठेवलं आणि दुसऱ्या मोबाइलने माझा फोटो काढून त्याचे काळे-पांढरे बदलून घेतले. इथेच घात झाला. मला दोन बाजू आहेत, एक चकचकीत आणि एक मळकी. चकचकीत बाजू वर हवी. तिने मळकी वर ठेवली. त्यामुळे डावं ते उजवं झालं आणि उजवं ते डावं. माझ्या कडेला बारीक आकडे आहेत, ते उलटे दिसत होते. पण मधल्या गाडीच्या नादात तिने कडा कापून टाकल्या.

मी ओरडून सांगितलं असतं, पण निगेटिव्हला तोंड कुठे असतं?

तो फोटो समोर ठेवून जागृतीने प्लायवुडच्या फळीवर स्टेशन उभं केलं. खाडीच्या बाजूला खाचर केलं आणि त्यात हिरव्या स्पंजचं करंजाचं झाड रोवलं. एका संध्याकाळी हिरामण ते पाहायला आला. आता तो ऐंशीच्या घरात आहे. त्याने फळीभोवती एक फेरी मारली आणि झाडापाशी थांबला.

"झाड या अंगाला नव्हतं, पोरी. डोंगराच्या अंगाला व्हतं."

"आजोबा, फोटोत क्लिअर दिसतंय. तुमी विसरला असाल," जागृती म्हणाली आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

हिरामणने बराच वेळ फोटो पाहिला. मग मोबाइल परत दिला आणि आत गेला. मित्रांनो, जागृतीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण फोटो खोटं बोलत नाही, असं सगळे मानतात. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि ती माझ्या साक्षीने झाली.

एकट्या गणूकाकांनी शंका काढली. "ही गाडी चुकीच्या रुळावर हाय. आपल्याकडं गाड्या डाव्या हाताने धावतात. वाशीकडून येनारी गाडी डोंगराकडच्या रुळावर पायजे." मग स्वतःच म्हणाले, "नवीन स्टेशन व्हतं. चाचनीची गाडी असंल." जागृतीने वहीत लिहून घेतलं, चाचणीची गाडी. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

इकडे हिरामणचं सगळंच बदललं. गावात कोणाची विहीर कुठे होती, कोणाचा बांध कुठे संपायचा, हे लोक त्याला विचारायला येत. तो देवळाच्या पारावर बसून बोटाने हवेत नकाशे काढून दाखवायचा. आता तो पारावर जाईना. कोणी घरी विचारायला आलं तर म्हणे, "मला नक्की नाय माहीत." रोज गोळ्या घेतल्या की नाही, ते सुनेला दोनदा विचारू लागला. सून रंजिता, म्हणजे जागृतीची आई, घाबरली. तिने स्मरणशक्तीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. नारळाचा विषय निघाला तेव्हा हिरामण म्हणाला, "ज्याला आपली जमीन कुठं व्हती ते आठवत नाय, त्यानं कसला नारळ फोडायचा? दुसरा कोन तरी बघा."

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. जागृतीने तर ताट तसंच सरकवलं. तिला आजोबांची चूक दाखवायची नव्हती, स्टेशन बरोबर करायचं होतं. मला जन्मात पहिल्यांदाच वाटलं, त्या पाण्यात कागदाबरोबर मीही कुजले असते तर बरं झालं असतं.

हे सगळं होत असताना भागीरथी घरात नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती दीड महिना लेकीकडे, करावे गावात होती. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी ती परतली. नव्या डोळ्यांचा भारी उत्साह. कॅलेंडरवरचे बारीक आकडे वाचून झाले, भिंतीवरची जळमटं मोजून झाली. मग जागृतीने तिला मोबाइलवर तो फोटो मोठा करून दाखवला.

भागीरथी म्हणाली, "ही कोन?"

"आजी, तूच ना. खाचरातली."

"मी? आनि पदर उजव्या खांद्यावर?" भागीरथीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "मी काय गुजरातीन हाय? जन्मात पदर कवा उजव्या खांद्यावर घेतला नाय. आनि कोयता बघ, डाव्या हातात. डाव्या हातानं गवत कापलं असतं तर माज्या सासूनं मला जेवू दिलं असतं का?"

जागृती हसली आणि हसता हसता थांबली. ती धावत जाऊन मला घेऊन आली, उजेडाकडे धरलं आणि हळूच उलटं केलं. कडेचे आकडे सरळ झाले. पदर डाव्या खांद्यावर आला, कोयता उजव्या हातात. गाडी तिच्या डाव्या हाताच्या, डोंगराकडच्या रुळावर गेली. आणि करंजाचं झाड जिथे होतं तिथे, डोंगराच्या अंगाला, जाऊन उभं राहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "मी फोटो उलटा धरलेला. तुमचं बरोबर होतं."

हिरामण खुर्चीत बसला. "म्हंजे झाड डोंगराच्या अंगाला?"

"हो."

"आनि माजं डोकं ठीक हाय?"

"एकदम ठीक हाय. सॉरी, आजोबा." जागृतीला रडू आलं.

त्याने तिला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवत राहिला. किती दिवसांनी त्याचा श्वास मोकळा झालेला मला दिसला. रंजिता डोळे पुसत म्हणाली, "बाबा, उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल करते."

"राऊ दे की. गुडगा दाखवतो."

"तो डोक्याचा डॉक्टर हाय, बाबा."

मग सगळेच हसले, आणि त्या दिवशी घरात पोटभर जेवण झालं. जेवल्यावर हिरामण फळीजवळ गेला. स्पंजचं झाड त्याने स्वतःच्या हाताने उपटलं, डोंगराच्या बाजूला वीतभर मोजलं आणि तिथे रोवलं. जागृतीने खाचरही त्या बाजूला हलवलं आणि गाडी उचलून बरोबर रुळावर ठेवली. जत्रेत नारळ त्यानेच फोडला आणि पुढचे तीन तास कोणाला जागचं हलू दिलं नाही. कोणाचं मीठ कुठे पिकायचं, कोणाची होडी कुठे लागायची, सगळं बोटाने दाखवून सांगत होता. लोक कंटाळले, पण घरचे मात्र एकदाही कंटाळले नाहीत.

आता मी स्वच्छ पारदर्शक पाकिटात राहते. पाकिटावर जागृतीने लिहिलंय, 'भागीरथी आणि करंजाचं झाड. चकचकीत बाजू वर.' बंद घड्याळालाही तिने माझ्या शेजारी ठेवलंय, संगत तुटू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. तो उघडा. आम्हाला कडेने धरा, बोटांचे ठसे उमटवू नका, आणि फोटोत कोण आहे ते सांगणारं माणूस घरात आहे तोवर पाकिटावर लिहून ठेवा. आणि कधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण आणि हातातला फोटो यांचा मेळ बसला नाही, तर आधी फोटो उलटून बघा.