आतून नट, बाहेरून बोल्ट

बोटीच्या कडेची पट्टी बसवायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेर उभं राहून बोल्ट घालायचा आणि दुसऱ्याने आत, नांगराच्या साखळीच्या कप्प्यात उताणं पडून, त्याला नट लावायचा. आमच्या घरात आत जायचं काम कायम माझं. लहानपणी मी बारीक होते म्हणून. आता मी बारीक नाही, गुडघेही कुरकुरतात, पण असल्या नेमणुका एकदा झाल्या की मरेपर्यंत बदलत नाहीत.

पट्टी दिसायला काहीच नाही. फायबरच्या बोटीचं खालचं धड आणि वरचा डेक वेगवेगळे बनवतात आणि कडेला एकमेकांवर बसवतात. त्या सांध्यावरून ही रबराची पट्टी फिरते. धक्क्याला घासायची वेळ आली तर बोटीऐवजी तिने घासून घ्यायचं आणि सांध्यातून पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढं तिचं काम. गेल्या ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ टॉर्नी सुट्टीत बोट घेऊन गेला आणि कुठल्याशा बंदरात दगडी धक्क्यावर त्याने ती अशी घातली की नाकाकडची पट्टी सुटून लोंबायला लागली. परत आणून बांधली, "जरा सैल झालीये" म्हणाला आणि गाडीत बसून स्टॉकहोमला गेला. जरा सैल! केबिनमधल्या गाद्या मी हिवाळाभर स्वयंपाकघरात वाळवत होते.

बाबा नोव्हेंबरात गेले. घर विकलं, पैसे दोघांत वाटले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोट मात्र माझी. बाबा दर वसंतात म्हणायचे, "मेर्ता, माझ्यामागे ही तुझीच." मी खाली तळ घासत असायचे, ते खुर्ची टाकून कॉफी पीत असायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं, आणि तेव्हाही खिडकीतून पाण्याकडे बघत ते हेच म्हणायचे. मला नवरा नाही, मूल नाही, कुत्रासुद्धा नाही. उन्हाळ्यात कामावरून सुटलं की बोट काढायची, बाहेरच्या खडकांपर्यंत जायचं, इंजिन बंद करायचं आणि बसून राहायचं. एवढंच माझं होतं आणि मला तेवढं पुरत होतं.

शनिवारी क्रेन येऊन, हिवाळाभर किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या क्लबच्या सगळ्या बोटी पाण्यात सोडणार होती. त्याआधी टॉर्नी आपणहून मदतीला येतो म्हणाला. एरवी त्याचं सगळं फोनवरून, उंटावरून शेळ्या हाकणं. हा स्वतः येणार म्हटल्यावर मी पाघळलेच. सकाळी उठून वेलदोड्याचे पाव भाजले. वेडी मी.

जुनी पट्टी सोडवली तर खाली रबरासारखा पांढरा थर निघाला.

"टॉर्नी, हे तू लावलंस?"

"गळत होतं म्हणून लावलं. पाणी थांबवतं असं ट्यूबवर लिहिलं होतं."

"अरे, हे न्हाणीघराचं सिलिकॉन! ह्याच्यावर जगात दुसरं काही चिकटत नाही. आता खरवडत बस."

"मी बसू?"

"नाहीतर काय हेल्गेला बोलावू?"

हेल्गे म्हणजे बाबांचा दोस्त. त्याची बोट आमच्या शेजारीच, ठोकळ्यांवर चढवलेली. शेवटी टॉर्नीने थोडं खरवडलं आणि बाकीचं मीच खरवडलं. जुन्या स्क्रूंची भोकं पार सैल झाली होती, म्हणून ती मोठी पाडून आरपार बोल्ट घालायचं ठरवलं. रबर गरम पाण्यात मऊ केलं, ताणून कडेवर चढवलं, मागे फट बुजवायचं सीलंट भरलं.

"जा आत," टॉर्नी म्हणाला. "मी इकडचं बघतो."

कपाळाला दिवा बांधून मी आत सरकले. पाठीखाली साखळी, नाकापुढे फायबर. रिकाम्या भोकांतून उजेडाचे ठिपके आत येत होते आणि त्यातून टॉर्नीचं निळं जाकीट दिसत होतं. तो बोल्ट ढकलायचा, मी चकती आणि नट चढवून पाना फिरवायचे. काम छान जमून आलं होतं. खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटत होतं. वाटलं, बाबा गेल्यावर का होईना, भावाला जाग आली.

मग बोल्ट यायचे थांबले. हेल्गे आला होता.

बोटीच्या नाकात बसलेल्याला बाहेरचं सगळं ऐकू येतं, अगदी कानाशी कुणी बोलावं तसं. आमच्या बेटावर प्रत्येकाने लहानपणी त्या कप्प्यात लपून मोठ्यांचं बोलणं ऐकलेलं आहे. तरी मोठं झालं की सगळे विसरतात. आतला माणूस दिसत नाही, म्हणजे तो ऐकतही नाही, असं धरून चालतात.

"काय रे टॉर्नी, राजधानीतले हात काळे झाले की!"

"करावे लागतात. रविवारी एक जण बघायला येतोय. योटेबोर्गचा. दोन लहान पोरं आहेत, त्यांना नीट बोट हवी."

"बघायला? म्हणजे विकतोस? अरे, ही मेर्ताची ना? तुझा बाप, सिक्स्टेन, माझ्यासमोर कितीदा म्हणाला होता."

टॉर्नीने आवाज खाली आणला आणि बोटीच्या अगदी जवळ सरकला. माझ्यासमोरचं भोक निळं झालं.

"बाबांनी केव्हाच माझ्या नावावर केली. अंथरुणाला लागायच्या आधी."

"मग तिला कशाला तुझी तुझी म्हणायचा?"

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाले, तसं नाही सांगितलं तर दर वर्षी तळ कोण घासणार? तू येणारेस का स्टॉकहोमहून?"

हेल्गे हसला. "सिक्स्टेन! पक्का होता गडी." मग म्हणाला, "तिला सांगितलंस?"

"आधी काम होऊ दे. कॉफी झाली की सांगतो. ती काय बोलणार? ती कधी काही बोलते का?"

हेल्गेची पावलं वाळूवरून दूर गेली. भोकातून पुढचा बोल्ट आत आला.

मी त्या बोल्टाकडे बघत पडून राहिले. रडू नाही आलं. राग आला, आणि तोही कुणावर काढावा कळेना. भाऊ तर आयत्या बिळावरचा नागोबा, त्याचं नवल नव्हतं. पण बाबा! मी त्यांचे पाय धुवायचे, त्यांच्या पावाच्या कडा काढून द्यायचे, आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचे, ही तुझीच. गाजर दाखवून गाढव चालवावं तसं मला चालवलं.

"मेर्ता? झोपलीस का?"

नट नुसते बोटाने चढवले असते तरी चाललं असतं. बाहेरून काही कळत नाही, सीलंट एक उन्हाळा धरून ठेवतं. पुढे कधीतरी लाटेत सांधा उघडला असता आणि टॉर्नीला योटेबोर्गहून फोन आला असता. हे सगळं मी मनात नीट मांडून बघितलं, आणि मला ते आवडलंही. मग ती दोन पोरं आठवली. मी प्रत्येक नट पुरता आवळला, मनगट दुखेपर्यंत. ह्याला चांगुलपणा म्हणू नका. दुसरं काही मला येतच नाही, आणि हे बाबांना आणि टॉर्नीलाही चांगलं माहीत होतं.

बाहेर आले तेव्हा डोळ्यांना उजेड सोसेना. टॉर्नीने थर्मास उघडून ठेवला होता. पट्टी नाकापासून मागेपर्यंत सरळ बसली होती, कुठे फट नाही.

"मस्त झालं," तो पाव खात म्हणाला. "तुझ्यासारखं काम कुणाला जमत नाही बघ. शुक्रवारपर्यंत तळाला रंगाचा एक हात मारशील ना?"

"योटेबोर्गवाल्यांना कुठला रंग आवडतो?"

त्याचा हात तोंडाशी थांबला. मान आधी लाल झाली, मग कान. मला वाटलं आता माफी मागेल, निदान थाप तरी मारेल.

"ऐकलंस होय," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल पडले. "बरं झालं. सकाळपासून मला सांगायला जड जात होतं."

त्याला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. त्याने माझ्या कपात कॉफी ओतली, साखर घालून. मी साखर घेत नाही.

"तुला हवं तर थोडे पैसे..."

"पैसे नकोत. एकच सांग."

"काय?"

"तळ कोण घासणार, असं बाबा म्हणाले, तेव्हा ते हसत होते का?"

टॉर्नीने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. तो खोटं बोलला असता तर मी लगेच विश्वास ठेवला असता. आयुष्यभर तेच केलं होतं. पण नेमकं त्याच वेळी त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"थोडेसे," तो म्हणाला.