आत उघडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि तोही न्हाणीचा. उंद्रीत आमच्या आळीतली पहिली दरवाजाची न्हाणी आमचीच. महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाकीच्या बाया तरटाआड, उजाडायच्या आत घाईघाईने अंग धुवायच्या.

मला कडूनिंबाच्या फळ्यांतून रज्जाक मिस्त्रींनी घडवले. बसवताना ते घरमालक महादेवरावांना म्हणाले, "भाऊ, न्हाणी लहान हाये. कवाड बाहेर उघडू द्या. आत कोनी पडलं तं ढकलता येनार नाही."

"शुभ बोल बे! कवाड आतच उघडावं लागते. लक्ष्मी आत येते."

"न्हाणीत लक्ष्मी काऊन येईन? आंघोळीले?"

महादेवरावांची बायको सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसली. पण महादेवराव हट्टाला पेटले, आणि मला आत उघडणारा बसवले.

सुभद्राबाईचा माझ्यावर फार जीव. कडी लावून ती निवांत न्हायची, गुणगुणायची. शेजारणी मला बघायला यायच्या. काय तो माझा तोरा, मित्रांनो!

दोन वर्षांनी ती तापाने पडली. उठल्यावर पहिल्यांदा न्हायला निघाली, तेव्हा महादेवराव म्हणाले, "कडी लावू नको वं. मी बाहेरच हावो."

तिने कडी लावली नाही. थोड्याच वेळात घंगाळ आदळले. चक्कर येऊन ती पडली, डोके दगडावर आपटले आणि अंग मला टेकून आडवे झाले. महादेवरावांनी मला ढकलले की ती कण्हायची. मग त्यांनी ढकलणे सोडले आणि फटीला तोंड लावले.

"सुभद्रे, जराशी सरक वं! एवढीशीच सरक!"

रज्जाक मिस्त्री धावत आले. पण माझ्या बिजागऱ्या आतल्या बाजूला, बाहेरून काढता येईनात. कुऱ्हाड चालवावी तर तिला लागेल. शेवटी त्यांनी करवतीने माझी वरची फळी कापली. ते आत उतरले, तेव्हा कण्हणे थांबले होते. अरे, मी लाकूड! मला मागे सरता आले नाही.

मित्रांनो, दरवाजा बसवाल तेव्हा शोभा नंतर बघा, रीतही नंतर बघा. आत पडलेल्या माणसापर्यंत पोचता येईल का, एवढे आधी विचारा. कारागीर सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका.

तेराव्यानंतर मिस्त्रींनी मला ठिगळ लावले आणि बाहेर उघडणारा करून बसवले. तेव्हापासून महादेवराव रोज सकाळी येतात, मला ओढून सताड उघडतात आणि रिकाम्या न्हाणीसमोर उभे राहून म्हणतात, "ये वं आता बाहेर."