कमानीचे तिकीट

एका पत्राला नऊ वर्षे उत्तर गेले नाही. त्याच पत्राच्या घडीत बसून मी आले होते. मी एक जुने टपाल तिकीट. माझ्यावर समुद्रात उभ्या असलेल्या एका नैसर्गिक दगडी कमानीचे चित्र आहे.

पत्र ताईंचे होते, धाकट्या भावाला. 'पुस्तक्या, उत्तरासाठी तिकीटही पाठवतेय. आता सबबी नकोत! या कमानीखाली दोघं मिळून डबा खाऊ. कधी येतोस?'

मित्रांनो, पुस्तक्या म्हणजे आमचे आजोबा. लाजरे, सदा पुस्तकात डोके. तिकिटे जमवण्याचा नाद, तेवढ्यात मात्र तरबेज. त्यांनी मला चिमट्याने उचलले आणि अल्बममधल्या डोंगर-सुळक्यांच्या पानावर बसवले. पत्राला उत्तर लिहायला घेतले, पण एकही वाक्य मनासारखे उतरेना. कागद फाटत राहिले. मग तेही थांबले.

माझे कौतुक मात्र खूप झाले. "कडेचा एकही दाता मोडलेला नाही!" असे भिंगातून बघत पाहुणे म्हणत. मी फुगून जाई.

परवा सकाळी आजोबांची लेक वर्तमानपत्र घेऊन धावतच आली. "बाबा, तुमची कमान पडली!"

"कुठली?"

"तिकिटावरची. वादळात. समुद्रात नुसते दगड उरलेत."

मी हादरले. मी जिचे चित्र, ती आता कुठेच नव्हती! आजोबांनी भिंग माझ्यावर धरले. जणू तडा माझ्यातच शोधत होते.

"दगड तो, कुठे जातोय, असं म्हणत बसलो गं मी," ते पुटपुटले.

"आणि आत्या?" लेकीने हळूच विचारले.

आजोबांनी भिंग खाली ठेवले. तसेच टेबलाशी बसले. एका दमात लिहिले, 'ताई, कमान पडली. तू आहेस ना? रविवारी येतो.' मग मला अल्बममधून काढले.

"अहो बाबा, हे कशाला? नवं आणते की! हे आता कुठे मिळणार?"

"हे माझं नव्हतंच. उत्तराचं होतं."

टपालाचा दर वाढलेला. माझ्या शेजारी तीन नवी तिकिटे दाटीने बसली. मित्रांनो, तिकिटे जरूर जपा. पण कुणी उत्तरासाठी पाठवलेले असेल, तर ते आधी लावून टाका.

टपाल कचेरीच्या खिडकीतला कारकून मला बघून थबकला. "आजोबा, जुनं दिसतंय. शिक्का हलकाच मारू?"

"छे, चांगला जोरात मारा," आजोबा म्हणाले. "पोचलं पाहिजे."