उडदाच्या मुळावरच्या गाठी

मित्रांनो, पातं झिजलेली, मुठीला चिंधी गुंडाळलेली एक जुनी खुरपी आहे मी. डोळखांबच्या लोहाराने मला घडवलं. ललिता मला हातात धरून तण काढते. उतारावरच्या तिच्या तुकड्यात नाचणीच्या ओळींमध्ये उडीद असतो. नाचणी पुरली तर बरं, नाहीतर तिला आणि तिच्या नवऱ्याला, भरतला, वीटभट्टी गाठावी लागते.

दोन वर्षांपूर्वी तण काढताना उडदाचं एक हिरवं झाड माझ्या टोकाने मुळासकट वर आलं. मुळांवर गाठीच गाठी! उडीद आम्ही वाळल्यावरच उपटायचो, तेव्हा मुळं सुकलेली असायची, त्यामुळे असं काही कधी दिसलंच नव्हतं.

“अगो बया, कीड!” ललिता किंचाळली.

भरत धावत आला. “उपट गो सगला उडीद! नाचनीला लागंल.”

वरच्या अर्ध्या शेतातला उडीद उपटून त्यांनी बांधावर जाळला. मग ललिताने एक गाठ नखाने फोडली. आत लाल!

“आवं, रगत!”

दोघं मला तिथेच टाकून पळाले, खरंच सांगते. त्या भीतीनेच खालचा उडीद वाचला. पिकल्यावरही मुळांना कुणी शिवलं नाही, वरूनच विळ्याने कापला.

पुढच्या वर्षी नाचणी उगवली आणि मी थक्कच झाले. खालच्या अर्ध्या शेतात हिरवीगार, वरच्या अर्ध्यात पिवळी, खुरटी. माती तीच, बीही तेच!

कृषी सेविका समीक्षाताई शेत बघायला आल्या. “ती कीड नव्हती,” त्या म्हणाल्या. “नत्र म्हणजे पिकाचं खाणं. उडीद गाठींमधून ते हवेतून घेतो, म्हणून मातीतलं नाचणीला उरतं. मुळं कुजली की पुढच्या पिकालाही मिळतं. आतून लाल म्हणजे गाठ जिवंत.”

ललिताने बांधाकडे पाहिलं. “आमी जित्या गाठी जालल्या, ताई!”

त्या वर्षी कापणीला तिने मला खुंटीला अडकवलं आणि मुळं मातीतच राहावीत म्हणून सगळ्या शेतात विळाच चालवला. तरी वरच्या अर्ध्यात पीक कमी आल्याने नाचणी लवकर सरली. दोघं भट्टीवर गेले आणि बंद घरात मला गंज चढला. फार राग आला मला. उपटण्याआधी कुणाला विचारायला काय झालं होतं?

मित्रांनो, अनोळखी दिसलं म्हणून काही उपटू नका. आधी विचारा.

यंदा वरची नाचणीही हिरवी झाली. काल भट्टीचा मुकादम दारात आला. “कधी निघताय?”

ललिता मला दगडावर घासत होती. तिने मानही वर केली नाही.

“नाय येत. औंदा घरात नाचनी हाय.”