जावयाची वेबसाइट

जावयाने केलेल्या वेबसाइटला नावं ठेवू नयेत, असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण चष्मेवाल्याच्या घरात तो चार वर्षं काटेकोरपणे पाळला जात होता.

वेबसाइट नऊ वर्षांपूर्वीची. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाने ती सासऱ्यांना भेट म्हणून करून दिली होती. जावई इमारतींचे नकाशे काढणारा. माप म्हणजे त्याचा जीव की प्राण. दुकानातल्या संगणकाच्या पडद्याची रुंदी तो पट्टीने मोजून घेऊन गेला आणि त्याने पान असं बेतलं की डावीउजवीकडे केसभरही जागा उरू नये. डाव्या अंगाला दुकानाचा फोटो, मध्ये फ्रेमचे नमुने, उजवीकडे पत्ता, वेळा, फोन नंबर आणि त्याखाली डोळे तपासायची वेळ ठरवण्याचा फॉर्म. फॉर्मच्या तळाशी दोन बटणं, खेटून खेटून: ‘पाठवा’ आणि ‘पुसा’. चष्मेवाला इतका हरखला की पुढचे दोन महिने गिऱ्हाइकांना आधी संगणकासमोर उभं करायचा आणि मग तपासणीच्या खुर्चीत बसवायचा.

पुढे लोक संगणकासमोर बसेनासे झाले. बँक, शाळा, बस, डॉक्टर, सगळं हातातल्या फोनवर आलं. पान मात्र जिथल्या तिथे राहिलं. फोनवर ते सबंधच्या सबंध दिसायचं, म्हणजे पोस्टाच्या तिकिटावर वर्तमानपत्र छापावं तसं. बोटांनी मोठं करावं तर उजवी बाजू पडद्याबाहेर जायची. चष्मेवाल्याला हे ठाऊक होतं. पण जावई दिवसभर दोन मोठ्या पडद्यांसमोर काम करायचा आणि सासऱ्यांच्या दुकानात वेळ ठरवून यायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्यामुळे ठाऊक नसलेला माणूस तेवढा एकच होता.

त्या गुरुवारी दुकानात एक शिवणकाम करणारी बाई आली. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. चष्मेवाल्याने चष्मा हातात घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की ही फ्रेम आपल्याकडची नाही.

“ताई, हा कुठून केला?”

बाई ओशाळली. “रागावू नका दादा. तुमच्याकडेच येणार होते. फोनवर वेळ ठरवायला बसले. नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि ‘पाठवा’ दाबायला गेले तर सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदाही पुसलं, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, यांना माझे डोळे तपासायचेच नाहीत.”

“मग फोन करायचा नाही का?”

“नंबर सापडायला आधी चष्मा नको का, दादा?”

चष्मेवाला हसला, पण मनापासून नाही. त्याने चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवून पाहिला. दोन्ही काचांचे मध्य बुबुळांपासून तीन-तीन मिलिमीटर बाहेर होते.

“डोकं दुखतं का?”

“रोज दुपारी. आणि टीप वाकडी जाते. मला वाटलं, वय झालं.”

“वय नाही झालं. काच चुकली,” तो म्हणाला. स्क्रू घट्ट करून त्याने तिला तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं.

दुपारी जेवताना त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली. घर दुकानाच्या मागेच होतं. मध्ये एक दार.

“मग सांगून टाका जावयांना,” बायको म्हणाली.

“असं कसं सांगू? नाजूक नातं आहे.”

“अहो, आपण लेक दिलीय त्यांना. दुकान नाही दिलं.”

त्याने मुलीला फोन लावला. मुलगी एकदम सावध झाली. “बाबा, तुम्ही काही बोलू नका हं. इतर सगळं ते साहेबाच्या हुकमाने काढतात. स्वतःच्या मनाने केलेली ती एकच गोष्ट आहे त्यांची. अजून ऑफिसात लोकांना दाखवतात, ‘माझ्या सासऱ्यांची वेबसाइट’ म्हणून.”

“लोकांची डोकी दुखतायत, बाळ.”

“मी बघते. योग्य वेळ आली की सांगते.”

“चार वर्षं तुझी योग्य वेळ येतेच आहे.”

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला येणार होते. वर्षातून एकदा जावयाचे डोळे तपासायचे, हे ठरलेलं. चष्मेवाल्याच्या धंद्याची एक रीत होती. तुमची नजर अधू झाली, असं गिऱ्हाइकाला तो कधीच तोंडावर सांगत नसे. काचा बदलत राहायचा आणि विचारायचा, हे बरं की हे? माणूस आपल्याच तोंडाने कबूल होतो आणि अपमानही वाटत नाही. हीच युक्ती जावयावर चालवायचं त्याने ठरवलं.

दुकान बंद होतं. जावई खुर्चीत बसला. चष्मेवाल्याने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, लांबची अक्षरं वाचून घेतली, मग दोन्ही खाचांत वेगळ्या काचा सरकवल्या.

“आता जवळचं बघू, जावईबापू. वाचायचं कार्ड राहू द्या. फोन काढा, आपली वेबसाइट उघडा आणि सोमवारची वेळ ठरवा.”

जावयाने फोन डोळ्यांजवळ आणला, मग लांब धरला, मग हात पुरेना म्हणून मान मागे नेली.

“बाबा, कुठला नंबर घातलाय हा?”

“वय घातलंय. साठीतल्या माणसाला जवळचं जसं दिसतं, साधारण तसं.”

“बाप रे. एवढं वाईट?”

“वय झालं की होतंच. तुमचा दोष नाही त्यात,” चष्मेवाला मऊ आवाजात म्हणाला. खापर वयावर फोडून हळूच पानाकडे वळायचं, असा त्याचा बेत होता. इथवर तो बिनबोभाट पार पडला.

पण जावई मापाचा माणूस. त्याने जड फ्रेम काढून टेबलावर ठेवली. “आता माझ्या डोळ्यांनी करून बघतो,” म्हणाला. नाव लिहिलं. तारीख लिहिली. अंगठा टेकवला. सगळं पुसलं गेलं. त्याने पुन्हा लिहिलं, या वेळी अंगठ्याचं टोक नेमकं धरून. पुन्हा पुसलं गेलं.

चष्मेवाला उगीचच एक काच फडक्याने पुसत राहिला.

“काच काढली तरी जमत नाही,” जावई म्हणाला. “म्हणजे डोळ्यांचा प्रश्नच नाही. हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?”

“अं... झाली असतील काही वर्षं.”

“किती?”

“चार.”

“आईंना?”

“त्यांनाही.”

“आणि हिला?”

चष्मेवाल्याने होकारार्थी मान हलवली.

जावयाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “बाबा, माझ्या नकाशात दार चार बोटं चुकलं, तर गवंडी उन्हात उभा राहून मला फोन करतो. शिव्या घालतो. मी लगेच दुरुस्त करतो. तुम्ही चार वर्षं गिऱ्हाइकं जाऊ दिलीत आणि मला पंगतीत मानाने बसवत राहिलात. गवंड्याइतकाही मी तुम्हाला जवळचा नाही?”

चष्मेवाल्याकडे तीनशे काचा होत्या, पण या प्रश्नाला लावता येईल अशी एकही नव्हती. तो एवढंच म्हणाला, “चुकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. आणि गुरुवारी एक बाई वाकड्या काचा लावून आली. तीनदा पुसलं गेलं तिचं, म्हणून दुसरीकडे गेली. डोकं धरून शिवत होती बिचारी.”

जावयाने फोन खाली ठेवला. मग त्याने टेबलावरच्या पावत्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला आणि खिशातली पेन्सिल काढली.

“पडदा केवढा असेल ते आता कोणीच सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “म्हणून रुंदी ठरवायचीच नाही. जागा असली तर रकाने शेजारी, नसली तर एकाखाली एक. रिस्पॉन्सिव्ह म्हणतात याला. मला ऐकून माहीत होतं, पण अंगावर काटा यायचा. माप न घालता मी आयुष्यात रेघ ओढलेली नाही.”

“मी आयुष्यभर तेच करतोय,” चष्मेवाला म्हणाला. “फ्रेम एकच. नाक येईल तसं वाकवायचं.”

“बरं. फोनवर एकाखाली एक येणार. मग सगळ्यात वर काय? माझ्या मते फ्रेमचे नमुने.”

“नमुने? ज्याला दिसत नाही त्याला नमुने काय दाखवता? फोन नंबर. त्याच्याखाली वेळा.”

“मग दुकानाचा फोटो कुठे?”

“काढून टाका.”

“फोटो मी काढलाय, बाबा!”

“म्हणूनच सांगतोय. त्यात दुकानापेक्षा समोरचा खांब जास्त आलाय.”

“हे नऊ वर्षांपूर्वी बोलायला काय झालं होतं?”

“तेव्हा लग्न व्हायचं होतं!”

मागच्या दाराआड मुलगी ताटं घेत होती. आवाज ऐकून तिचे हात थबकले. “आई, भांडतायत. मी जाते.”

आईने दाराला कान लावला.

“ते ‘पुसा’ आधी हाकला तिथून,” चष्मेवाला ओरडत होता. “कोणाला काय पुसायचंय? आणि ‘पाठवा’ माझ्या अंगठ्याएवढं हवं!”

“तुमचा अंगठा म्हणजे काय सरकारी माप आहे?”

“बरं चाललंय,” आई म्हणाली. तिने दार आणखी थोडं लोटून घेतलं, ताटं मुलीच्या हातातून काढून पुन्हा फळीवर ठेवली आणि दोघींसाठी दोन खुर्च्या ओढल्या.