देवाचा पाट

द्विभाषिक राज्य झालं त्या कार्तिकातली गोष्ट. गिरगावात आमच्या देवळात बुवांनी मत्स्यावताराचं आख्यान लावलं होतं. उत्तररंगात बुवा सांगत होते, "देव पहिल्यांदा आला तो एवढासा मासा होऊन, राजाच्या ओंजळीत. आणि म्हणाला काय? मोठे मासे मला खातील, मला सांभाळ. श्रोतेहो, देवानं माणसाकडे आसरा मागितला." खांबाला टेकून बसलेल्या हरेश्वर नाखवांना तिथं हुंदका आवरला नाही.

नाखवा वरळी कोळीवाड्याचे. साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. होडी पुतण्याला दिली होती, पण कीर्तन चुकवायचे नाहीत. मुलगा जगन हात धरून आणायचा. त्यांची एकच आस उरली होती, आणि ती मी कितीदा तरी ऐकली होती. डोळे पुरते जायच्या आधी एकदा देवमासा बघायचा. लहानपणी त्यांनी वडलांच्या होडीतून बघितला होता. पिल्लाला घेऊन निघालेली आई.

"ती बुडाली ना अण्णा, तर पाण्यावर एवढी मोठी जागा गुळगुळीत. भोवती लाटा, मधी लाट नाय. बा बोलला, हा देवाचा पाट. वल्ही थांबवायची, पाटावर नारळ ठेवायचा, मंग पुढं जायचं. त्याला पन्नास वरसं झाली. पाट परत नाय दिसला."

"इतक्या आगबोटींच्या वाटेत कशाला येईल तो?" जगन चिडवायचा. "तोही शहाणा झाला असेल."

पंधरा दिवसांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद होत्या. मी देवळातला प्रसाद घेऊन वरळीला गेलो. दिवेलागण झाली होती. नाखवा देव्हाऱ्यासमोर बसले होते.

"या अण्णा. हा दिवा बघा. काजळी नाय, वास नाय. आख्यान ऐकलं त्या दिसापासून अखंड तेवतोय. जगन्यानं गिरणीतून तेल आणलं."

जगन गिरणीत तेलवाला होता, सूत कातणाऱ्या चात्यांना तेल घालायचं काम त्याचं. "डब्याच्या तळाला उरतं, ते साहेबाला विचारून आणलं," तो म्हणाला. "मासा छाप आहे, अण्णा. म्हटलं, मत्स्यावताराच्या दिव्याला दुसरा कुठला छाप शोभणार?"

नाखवा खूश होऊन हसले. "जरा वाचून सांगा, कंच्या झाडाचं हाय. त्या झाडाला हात जोडीन."

मी डबा दिव्याजवळ धरला. चित्रातल्या माशाच्या डोक्यातून कारंजं उडत होतं. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्या मी पुन्हा वाचल्या.

"अण्णा?"

देव्हाऱ्यासमोर खोटं बोलवेना. "झाडाचं नाही, नाखवा. देवमाशाचं आहे. दक्षिणेच्या समुद्रातल्या."

जगननं माझ्या हातून डबा घेतला, चित्र बघितलं आणि दिव्यावर फुंकर घालायला वाकला.

"इझवू नको," नाखवा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कसं काढतात?"

वर्तमानपत्रात वाचलेलं मी सांगितलं. गिरणीएवढी जहाजं, तोफेतून सुटणारा भाला, तो पोटात शिरून फुटतो. जहाजावरच चरबी कढवतात. साबण होतो, यंत्राला वंगण होतं.

"पिल्लू संगती असलं तर?"

मला ठाऊक होतं. मी प्रसादाची पुडी देव्हाऱ्यात ठेवली.

बाहेरून मोर्चाच्या घोषणा जवळ येऊन लांब गेल्या. "मुंबई कुणाची म्हणून समदे भांडतात," नाखवा पुटपुटले. "दर्या कुणाचा, ते कुणी इचारलंच नाय."

"बा, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कसं असणार? तू छाप बघितलास." त्यांनी दिव्याच्या उबेजवळ हात नेला. "मी त्याला दर्यात धुंडत व्हतो, आन् तो पंधरा दिस माझ्या घरात जळत व्हता. जळू दे आजची रात. उरलेलं सकाळी त्याचं त्याला देऊ."

सकाळी आम्ही तिघांनी पुतण्याची होडी घेतली. जगननं वल्ही मारली. वरळीच्या किल्ल्याच्या पुढं बरंच आत गेल्यावर नाखवा म्हणाले, "इथं." पाण्यावर बारीक लाटा होत्या, होडी हेलकावत होती. जगननं डबा कलता करून तेल हळूहळू सोडलं.

नाखवांचा एक हात पाण्यात होता. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली.

"जगन, लाट थांबली?"

"थांबली."

"केवढी जागा?"

जगननं नीट बघितलं. "आपल्या अंगणाएवढी. गुळगुळीत. भोवती लाटा, मधी नाय."

नाखवांनी नारळ कपाळाला लावला आणि चाचपत पाण्यावर ठेवला. "सांभाळता नाय आलं," एवढंच म्हणाले. नारळ तिथंच डुलत राहिला.

जगननं परतायला वल्ह्याला हात घातला.

"थांब," नाखवा म्हणाले. त्यांचं तोंड पाटाकडे होतं. "बुडाला की श्वासाला वर येतो तो. वाईच वाट बघू."

जगननं वल्ही आत घेतली.